कानामागची खाज : गिरणाकाठच्या एका शेतकऱ्याचा एक्झिमा

एक्झिमा, म्हणजे आपला इसब, घेऊन येणारे बहुतेक लोक घरूनच निदान करून आलेले असतात. कुणी म्हणतं नायटा आहे, कुणी म्हणतं गरमी झाली, कुणी म्हणतं रक्त बिघडलं. चट्टा दिसतो कसा, यावरच सगळ्यांचा भर असतो. पण इसबाच्या बाबतीत तो अंगावर नेमका कुठे आहे आणि कोणत्या दिवसांत वाढतो, हे दोन प्रश्न जास्त सांगून जातात. पुढचं प्रकरण मी त्यासाठीच सविस्तर लिहीत आहे. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून गाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम मात्र आहे तसाच ठेवला आहे.

तक्रार आणि मागची पाच वर्षं

रुग्ण ५४ वर्षांचे शेतकरी. गिरणा पट्ट्यात पाटाजवळ जमीन, त्यात कपाशी, मका आणि थंडीत थोडी दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी. गावात त्यांना आप्पा म्हणतात, मीही तेच म्हणत गेलो. बायको बरोबर आली होती आणि बोलण्याचं बरंचसं काम तिनेच केलं. आप्पा एवढंच म्हणाले, "तोंडनी आग पडी ऱ्हायनी, साहेब. रातले झोप नही."

पाच वर्षांपूर्वी श्रावणात पहिल्यांदा पापण्या सुजल्या आणि मानेला खाज सुटली. निंदणीचे दिवस होते, घामोळं समजून कुणी लक्ष दिलं नाही. थंडी पडेपर्यंत ते आपोआप गेलं. पुढच्या पावसाळ्यात तेच पुन्हा, या वेळी कोपरांच्या आतल्या वळणातही. तिसऱ्या वर्षी होळीपर्यंत थांबलं नाही. आणि आता वर्षभर आहे, फक्त पावसाळ्यात जास्त.

मधल्या काळात काय काय झालं, ते खानदेशातल्या कुठल्याही घरात व्हावं तसंच. कडुनिंबाच्या पाल्याची आंघोळ, करंजाचं तेल, कुणी सांगितलं म्हणून चिरलेलं लिंबू घासलं. लिंबू घासल्यावर दोन दिवस डोळे उघडले नाहीत. वांगी बंद, मासे बंद, गूळ बंद, भुईमुगाचे दाणे बंद. पथ्याने वजन उतरलं, खाज उतरली नाही. एके ठिकाणी सोरायसिस सांगितलं, दुसरीकडे नायटा. आणि शेवटी औषधाच्या दुकानातून एक ट्यूब, विचारून आणलेली, चिठ्ठी न घेता.

या ट्यूबबद्दल थांबून लिहायला हवं. तिच्यात तीन औषधं एकत्र असतात. एक बुरशीवरचं, एक जंतूंवरचं आणि एक तीव्र स्टेरॉइड. चट्टा कशाचाही असो, स्टेरॉइडने दोन-तीन दिवसांत खाज थांबते, म्हणून माणसाला वाटतं औषध बरोबर लागलं. लावणं थांबवलं की आठवड्यात सगळं परत येतं, बऱ्याचदा आधीपेक्षा जास्त. मग पुन्हा ट्यूब. आप्पांनी ती चेहऱ्याला सलग दोन वर्षं लावली होती. गालांवरची कातडी इतकी पातळ झाली होती की बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दिसत होतं, आणि हनुवटीवर मुरमांसारखे पुळ्यांचे झुबके. २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइड असलेल्या अनेक लावायच्या औषधांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद करण्याची अधिसूचना काढली. ती तालुक्याच्या आणि गावच्या दुकानापर्यंत खरोखर पोचावी, असं मला मनापासून वाटतं. चेहऱ्याची कातडी बिघडायला दोन वर्षं पुरतात आणि सावरायलाही जवळपास तेवढीच लागतात.

घरात त्यांचं ताट वेगळं झालं होतं. नातवाला मांडीवर घेणं त्यांनी स्वतःच सोडलं होतं. चेहरा काळा पडून जाड झाला, कपाळावर खोल घड्या आल्या, तेव्हा गावात कुजबूज सुरू झाली की हा महारोग आहे. हे सांगताना बायकोचा आवाज बसला.

अंगावर काय होतं

आधी एक गोष्ट. पुस्तकांत इसब लालभडक दाखवलेला असतो. आपल्या सावळ्या कातडीवर तो लाल दिसत नाही, जांभळट, करडा किंवा नुसता काळपट दिसतो. "लाल नाही म्हणजे साधं आहे" असं समजून पुष्कळ लोक महिनोन्महिने घालवतात. रंगापेक्षा हाताने जाणवणारा खरबरीतपणा, कोरडेपणा आणि खाज यांवर विश्वास ठेवावा.

आप्पांच्या अंगावर इसबाच्या दोन्ही अवस्था एकाच वेळी दिसत होत्या. मानेवर ताजा भाग होता. तिथे बारीक पाणीदार पुरळ, खाजवून फुटलेला, पाणी सुटून खपली धरलेला. कपाळावर आणि कोपराच्या वळणात जुना भाग होता. तिथली कातडी जाड, काळी, कोरडी, आणि तिच्यावरच्या नेहमीच्या रेषा ठळक झालेल्या. खाजवून खाजवून कातडी अशी जाड होते, आणि जाड कातडीला आणखी खाज सुटते. या चक्रातून इसब स्वतःहून बाहेर पडत नाही.

त्यांची नखं मी खिडकीच्या उजेडात पाहिली. शेतात राबणाऱ्या माणसाची नखं, पण पॉलिश केल्यासारखी चकचकीत, कडा गुळगुळीत झिजलेल्या. रात्रंदिवस खाजवणाऱ्या माणसाची नखं अशी होतात. "खाज किती आहे?" या प्रश्नाला लोक लाजून कमी सांगतात, नखं खरं सांगतात.

आता जागा. दोन्ही पापण्या, वरच्यासुद्धा. कानांच्या मागची खाच. हनुवटीच्या खालचा, गळ्याला लागून असलेला सावलीतला भाग. शर्टाच्या वरच्या बटणाजवळ उघडी राहणारी त्रिकोणी जागा. कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या आतल्या घड्या. आणि काय नव्हतं? टोपीखालचं डोकं साफ होतं. छाती, पोट, पाठ, जिथे बनियन असतं, ते सगळं स्वच्छ.

झाकलेला भाग साफ आणि उघडा भाग बिघडलेला, म्हणजे बाहेरून काहीतरी लागतंय. पहिला संशय उन्हावर जातो. एप्रिल-मेमध्ये जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो, त्यामुळे खानदेशात "ऊन बाधलं" हे कुणालाही पटतं. पण उन्हाच्या त्रासात कानामागची खाच, हनुवटीखालची सावली आणि वरची पापणी बहुधा वाचते, कारण तिथे ऊन पोचत नाही. आप्पांना नेमकी तिथेच सगळ्यात जास्त खाज होती. ऊन जिथे जात नाही आणि हवा मात्र जाते, अशा या जागा आहेत. हवेतून येऊन बसणारी बारीक धूळ, परागकण, झाडाचा चुरा तिथेच अडकतो, घामाने चिकटतो आणि घडीत साठून राहतो.

मी विचारलं, "आप्पा, रात्री शेतात जाता का?" शेतीपंपाची थ्री फेज वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते. म्हणाले, जातो, पाणी भरायला. पाटाच्या कडेने बॅटरी घेऊन. आणि त्या रात्रीनंतर? विचार करून म्हणाले, दोन दिवसांनी तोंड जास्त पेटतं. रात्री ऊन नसतं.

बायकोने मग स्वतःहून सांगितलं. मागच्या दिवाळीत ते लेकीकडे सुरतेला गेले होते, तीन आठवडे राहिले. "सुरतमा यास्ले काहीच नही व्हतं," ती म्हणाली. ट्यूब गावीच विसरली होती, तरीही चेहऱ्याची सूज उतरली. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा सगळं सुरू. लेकीच्या घरी पाणी चांगलं म्हणून, असं तिला वाटत होतं. माझ्यासाठी ती गोष्ट कुठल्याही तपासणीइतकी मोलाची होती. आजार रक्तात असता तर तो सुरतेलाही बरोबर गेला असता.

दुसरं काय असू शकलं असतं

खरूज असती तर बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती आणि जांघेत पुरळ असता, आणि घरातले आणखी दोघे-तिघे खाजवत असते. तसं नव्हतं. लहानपणापासूनचा इसब असता तर बालपणी, निदान तरुणपणी त्याच्या खुणा असत्या, घरात दमा किंवा शिंकांची सर्दी असती. तेही नव्हतं. सोरायसिसचे चट्टे रेखीव काठाचे, पांढऱ्या चांदीसारख्या पापुद्र्यांचे असतात, आणि कोपर-गुडघ्यांच्या बाहेरच्या बाजूला येतात. इसब आतल्या वळणात बसतो.

नायट्याचं मात्र गुंतागुंतीचं निघालं. चेहऱ्यावर आणि कोपरावर नायटा नव्हता. तिथली कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, बुरशी मिळाली नाही. पण जांघेत एक वेगळा चट्टा होता, पसरलेला, कडेला उंच आणि मधे थोडा साफ. तो आप्पांनी संकोचाने शेवटी दाखवला. तिथल्या खरवडीत बुरशीचे धागे मिळाले. म्हणजे एकाच अंगावर दोन आजार होते, आणि दोन्हींवर एकच ट्यूब चालली होती. तिच्यातल्या स्टेरॉइडने नायट्याचा काठ पुसट केला आणि बुरशीला आत पसरायला मोकळं रान दिलं. म्हणूनच "तुमचं ज्याने गेलं ते मीही लावतो" हे कातडीच्या आजारात फार महागात पडतं.

महारोगाची शंका मी बायकोसमोरच काढून टाकली. जाड चेहऱ्यामुळे तशी शंका येणं समजू शकतं, पण महारोगाचा चट्टा खाजत नाही, बधिर असतो. आप्पांच्या प्रत्येक चट्ट्यावर कापसाच्या बोळ्याचा स्पर्श त्यांना डोळे मिटून कळत होता. कोपराजवळची आणि मानेतली नस जाड नव्हती. मी सांगितलं की हा इसब कुणालाही लागत नाही, ताटातून नाही, टॉवेलमधून नाही, मांडीवर बसलेल्या पोराला तर नाहीच. आणि महारोग असता तरीही औषधाने तो पूर्ण बरा होतो, त्यात ताट वेगळं करण्यासारखं काही नाही, हेही सांगितलं. ते ऐकून आप्पा पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसले.

गवत

पाटाच्या कडेला काय उगवतं, हे खानदेशात विचारावं लागत नाही. कमरेएवढं गाजरगवत. गाजराच्या पानांसारखी चिरलेली पानं आणि वर पांढऱ्या बारीक फुलांचा फुलोरा. ते मूळचं अमेरिका खंडातलं. भारतात त्याची शास्त्रीय नोंद १९५६ साली पुण्यातून झाली, आणि काही दशकांत ते देशभर पसरलं. उगवल्यापासून महिन्या-दीड महिन्यात ते फुलतं आणि एक चांगलं पोसलेलं झाड १०,००० हून जास्त बिया टाकतं. कोरडवाहू बांधावर ते पावसाळ्यापुरतं असतं, पाटाच्या ओलीवर बारा महिने हिरवं राहतं. आप्पांचा त्रास पावसाळी होता तो वर्षभराचा झाला, त्याचं एक कारण त्यांच्याच शेताच्या कडेला उभं होतं.

या गवताच्या पानांवरच्या सूक्ष्म केसांत, खोडावर आणि परागांत पार्थेनिन नावाचं रसायन असतं. गवत वाळल्यावर, त्याचा चुरा झाल्यावरही ते टिकतं. हे काही विष नाही, की शिवलं आणि भाजलं. पुष्कळांना ते आयुष्यभर काहीच करत नाही. आप्पांचे भाऊ त्याच बांधावर राबतात, त्यांना एक पुळीही नाही. पण एखाद्याच्या शरीराची संरक्षण यंत्रणा वर्षानुवर्षांच्या संपर्कानंतर या रसायनाला शत्रू मानायला लागते. एकदा तशी ओळख पटली की ती सहसा पुसली जात नाही. पुढे थोडासा संपर्कही पुरतो. प्रतिक्रिया मात्र लगेच येत नाही, एक ते तीन दिवसांनी येते. म्हणूनच माणसाला कारण सापडत नाही. सोमवारी बांधावर गेला, बुधवारी तोंड सुजलं, आणि दोष मंगळवारी खाल्लेल्या वांग्यावर गेला.

खात्रीसाठी पॅच टेस्ट केली. ती लगेच करता येत नाही. पाठ साफ लागते, ताजा भडका शांत असावा लागतो, आणि पोटातून स्टेरॉइडचा मोठा डोस चालू असेल तर निकाल खोटा येतो. शिवाय घामाने पट्ट्या सुटतात, म्हणून थंडीत केली. संशयित पदार्थांचे थेंबभर नमुने पाठीवर चिकटवून ४८ तास ठेवतात. तेवढे दिवस आंघोळ नाही, जड काम नाही. पट्ट्या काढल्यावर एकदा पाहायचं आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा. भारतात वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या संचात गाजरगवताचा अर्क असतोच. आप्पांच्या पाठीवर त्याच एका चौकोनात पाणीदार पुरळ उठला. ही सोय बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागात मिळते. रक्ताच्या महागड्या "अॅलर्जी पॅनल"मधून या प्रकारची अॅलर्जी कळत नाही, त्यावर पैसे घालवू नयेत.

उपचार

ट्यूब एकदम थांबवली की चेहरा पहिले काही आठवडे जास्त पेटतो. हे मी आधीच सांगून ठेवलं, नाहीतर माणूस घाबरून पुन्हा दुकानात जातो. चेहऱ्यासाठी स्टेरॉइड नसलेलं टॅक्रोलिमस मलम दिलं. ते लावल्यावर सुरुवातीला थोडी आग होते, मग सरावते. कोपर आणि गुडघ्यांसाठी मध्यम ताकदीचं स्टेरॉइड, ठरावीक दिवसांपुरतं. प्रमाण असं सांगितलं : तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून रेघ काढली की तेवढं मलम दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. जांघेतल्या नायट्यासाठी निव्वळ बुरशीवरचं औषध, वेगळं, वेगळ्या जागी.

आंघोळ कोमट पाण्याने, साबण फक्त काखा-जांघांना, दगडाने घासणं बंद. अंग टिपल्यावर ओलसर असतानाच साधं व्हॅसलीन किंवा खोबरेल. महागडं काही लागत नाही. दिवसातून दोनदा, न चुकता, एवढंच लागतं.

आजार जुना आणि पसरलेला होता, म्हणून पोटातून अॅझाथायोप्रिन, म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा शांत करणारं औषध, सुरू केलं. दिल्लीच्या एम्समधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी गाजरगवताच्या इसबावर त्याचा उपयोग दाखवून दिलेला आहे. पण हे औषध रक्त तपासल्याशिवाय घेण्याचं नाही. काही जणांच्या शरीरात ते नीट मोडलं जात नाही आणि पांढऱ्या पेशी झपाट्याने उतरतात. त्यामुळे सुरुवातीला रक्त वारंवार तपासलं, पुढे अंतर वाढवलं. गुण यायला दीड-दोन महिने लागतात, तोवर धीर धरावा लागतो.

आणि गवत. ते न हटवता वरची सगळी औषधं म्हणजे निव्वळ खर्च आहे. फुलोरा येण्याआधी, पावसानंतर जमीन मऊ असताना, मुळासकट उपटायचं. हातमोजे घालून, आणि आप्पांनी नाही, मुलाने. फुलावर आलेलं उपटलं तर पराग आणि बिया दोन्ही उडतात. मेक्सिकोहून आणलेले भुंगे १९८४ साली भारतात या गवतावर सोडले गेले. पावसाळ्यात ते पानं फस्त करतात, पण कोरड्या दिवसांत जमिनीत दडून बसतात, म्हणून त्यांच्यावर विसंबता येत नाही. आप्पांच्या घरापासून शाळेपर्यंतचा रस्ताही गवताने भरलेला होता. एका घराने आपला बांध साफ करून भागत नाही, हे मुलाने ग्रामपंचायतीत मांडलं आणि श्रावणाआधी तो रस्ता साफ झाला.

बाकीच्या सूचना लहान होत्या, पण त्यांनी फरक पडला. शेतातून आल्याबरोबर तोंड, मान आणि कानामागे साध्या पाण्याने धुणं, कपडे बदलणं. ते कपडे वेगळे धुणं आणि कुंपणावर न टाकता घरात वाळवणं. तोंडावर रुमाल बांधायचा तर तो रोज धुतलेला, कारण कालच्या रुमालात कालचे पराग असतात.

एक पावसाळा गेल्यावर

नखांची चमक गेली होती. कपाळ मऊ झालं होतं, काळेपणा अजून होता. तो सगळ्यात शेवटी जातो आणि कधी पूर्ण जातही नाही. भाद्रपदात एकदा भडका उठला, शेजारच्या शेतात कुणीतरी फुललेलं गवत कापून ढीग घातला होता. तो आठवड्यात आवरला. चिंतेची गोष्ट अशी की हा आजार फार वर्षं राहिला तर काहींची कातडी पुढे खरोखरच उन्हालाही बिथरायला लागते. आप्पांच्या बाबतीत तसं झालेलं नाही, पण लक्ष ठेवावं लागणार आहे. अॅझाथायोप्रिनचा डोस कमी केला आहे, बंद केलेला नाही. उजव्या कोपरात तळहाताएवढा चट्टा अजून शिल्लक आहे. ताट पुन्हा सगळ्यांबरोबर लागतं, हे बायकोने सांगितलं.

अचानक ताप येऊन चट्ट्यांवर पिवळी खपली धरली, किंवा सारख्या आकाराचे खोलगट, दुखरे फोड झपाट्याने पसरले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता यायचं, असं त्यांना लिहून दिलं आहे. पहिलं जंतुसंसर्गाचं लक्षण आहे, दुसरं नागिणीच्या जातीच्या विषाणूचं, आणि ते डोळ्याजवळ असलं तर नजरेला धोका असतो.

जाताना आप्पांनी विचारलं, कपाशी काढून रब्बीत सूर्यफूल घ्यायचा विचार आहे, घेऊ का? सूर्यफूल, शेवंती आणि करडई ही गाजरगवताच्याच कुळातली, त्यांच्यातही याच जातीची रसायनं सापडतात आणि अशा रुग्णांपैकी काहींना ती बाधतात. मी म्हटलं, आप्पा, दादर पेरा, नाहीतर हरभरा.